वेदनेची गोळी, सवयीची भीती

कर्करोगाच्या घरात मॉर्फिनची पहिली गोळी येते तेव्हा तिच्यासोबत दोन भीती येतात. एक, ‘म्हणजे आता शेवटचं आलं का?’ आणि दुसरी, ‘याची सवय तर नाही ना लागणार?’ पहिल्या भीतीला उत्तर देणं सोपं आहे. मॉर्फिन द्यायचं की नाही हे वेदना किती आहे यावर ठरतं, दिवस किती उरले यावर नाही. आजार हाडांत पसरलेला असतानाही मॉर्फिन घेऊन घर चालवणारे, शेतावर जाणारे, मुलांचा अभ्यास घेणारे पेशंट पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याच्या कामात, असणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका वाक्याचं उत्तर नाही. ‘छे, काही होत नाही’ म्हणणारा डॉक्टर अर्धवट सांगत असतो, आणि ‘नकोच ती गोळी’ म्हणणारा भाऊ पेशंटला रात्रभर तळमळत ठेवत असतो.

हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, मेथाडोन या अफूच्या कुळातल्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. कर्करोगाच्या उपचारांत ही औषधं घेणाऱ्यांपैकी कुणाला त्यांचं व्यसन लागतं, ते ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर वेदनेचा उपचार न सोडता व्यसनाचा उपचार कसा करायचा, हा त्याचा विषय. मराठीत वेदनेवर लिहिलं गेलं आहे, व्यसनावर तर फार उत्तम लिहिलं गेलं आहे. दोन्ही एकाच माणसात एकत्र येतात तेव्हा काय करायचं, यावर मात्र फारसं लिहिलं गेलेलं नाही. म्हणूनच या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला.

विषयाचा आवाका आधी लक्षात घेऊ. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे पेशंट आढळल्याचा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की उपचार चालू असताना निम्म्याहून अधिक पेशंटना वेदना असतात, आजार पुढे गेलेल्यांत हे प्रमाण दोनतृतीयांशाच्या घरात जातं, आणि आजार बरा करण्याच्या हेतूने केलेले उपचार संपल्यावरही सुमारे ३९ टक्के लोकांना वेदना उरते. हा शेवटचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कर्करोग बरा झालेली, पुढे पंधरा-वीस वर्षं जगणारी, पण दुखणं न सुटलेली माणसं आता आपल्यात आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. व्यसनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांच्यापुढे उभा राहतो.

आपल्याकडे ही गोष्ट १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांपासून सांगायला हवी. १९८५ साली संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, मंजूर केला. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर एक छोटी पुस्तिका काढली आणि तिच्यात तीन पायऱ्यांची उपचारपद्धती मांडली. सौम्य वेदनेला साधी वेदनाशामकं, त्यांनी भागलं नाही तर कोडीनसारखं सौम्य ओपिऑइड, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन; तेही शक्यतो तोंडाने आणि दुखू लागायची वाट न पाहता घड्याळाच्या वेळेवर. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांती आवेदना’ हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. आणि त्याच वर्षी पुण्यात, गर्दने, म्हणजे हलक्या दर्जाच्या हेरॉइनने, तरुण पोरं उद्ध्वस्त होताना पाहून अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वेदनेने तळमळणाऱ्यांसाठी एक घर आणि अफूच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी दुसरं, दोन्ही महाराष्ट्रात एकाच वर्षी उभी राहिली. पुढे या दोन कामांचे रस्ते वेगळे राहिले. वेदनेच्या डॉक्टरांना व्यसनाचं शास्त्र शिकवलं गेलं नाही आणि व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यांचा कर्करोगाच्या पेशंटशी क्वचितच संबंध आला. या पुस्तकातल्या बहुतेक अडचणींचं मूळ या फारकतीत आहे.

कायद्याचा परिणाम तर फार वाईट झाला. गर्दचा व्यापार रोखण्यासाठी केलेल्या त्या कायद्यात औषध म्हणून वापरायच्या मॉर्फिनभोवतीही परवान्यांची भिंत उभी राहिली. खरेदीचा, साठवणुकीचा, वाहतुकीचा परवाना वेगळा, खाती वेगळी, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि नोंदीत चूक झाली तर दहा वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली तो अवघ्या १८ किलोवर आला. त्याच वेळी मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होत होती आणि माल परदेशी जात होता. जगाला वेदनाशामकाचा कच्चा माल पुरवणाऱ्या देशात डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता निवृत्त झाली.

ही भिंत पाडायला केरळमधून सुरुवात झाली. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरची संस्था काढली. गावोगावचे स्वयंसेवक त्या कामात उतरले, आणि २००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ साली एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कागदावरची वाट मोकळी झाली, तरी माणसांच्या मनातली झालेली नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम चार टक्के ओपिऑइड पोहोचत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी आजही मॉर्फिनसाठी मुंबई-पुण्याची एसटी धरणारे नातेवाईक भेटतात.

मॉर्फिन कुलपात राहिल्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा कमी होते. वेदना तर होतीच, तिला काहीतरी द्यायला हवं होतं. मग सहज मिळणारं ट्रामाडॉल वारेमाप लिहिलं गेलं. ते सौम्य समजलं जाई म्हणून त्यावर लक्ष कुणी ठेवलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉलही एनडीपीएसखाली आणावं लागलं, कारण तोवर नशेसाठी त्याचा वापर देशात आणि देशाबाहेर फोफावला होता. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे दोन टक्के लोक अफू, हेरॉइन किंवा औषधी ओपिऑइड वापरतात. त्यांतली औषधी ओपिऑइड वापरणाऱ्यांची संख्या अफू घेणाऱ्यांपेक्षाही मोठी आहे. तेव्हा ‘हा अमेरिकेचा प्रश्न, आपल्याकडे कुठे?’ असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

अमेरिकेत काय घडलं हे मात्र नीट पाहायला हवं, कारण आपल्या उलट दिशेने जाऊन तो देशही संकटातच सापडला. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा मजकूर. हे पेशंट घरी गेल्यावर काय झालं, औषध किती दिवस चाललं, याचा त्यात पत्ता नव्हता. तरी पुढची पस्तीसेक वर्षं सहाशेहून अधिक वेळा त्या पत्राचा दाखला दिला गेला, आणि बहुतेक वेळा ‘व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून. २०१७ साली त्या नियतकालिकाला पत्राच्या माथ्यावर सावधगिरीची सूचना छापावी लागली. दरम्यान १९९६ साली पर्ड्यू फार्माचं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं होतं. आधी कर्करोगाच्या वेदनेत मिळालेला विश्वास पाठदुखी, गुडघेदुखीकडे वळवला गेला. दिशाभूल करणारा प्रचार केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ साली कबूल केला, आणि २०२० साली पुन्हा गुन्ह्यांची कबुली दिली.

कर्करोगाच्या पेशंटचं नाव पुढे करून हा बाजार किती वाढवला गेला, याची दोन उदाहरणं पुरेत. आधीपासून ओपिऑइड घेणाऱ्या कर्करोगाच्या पेशंटना अधूनमधून जी वेदना एकदम उसळते, तिच्यासाठी १९९८ साली ‘अ‍ॅक्टिक’ नावाची फेंटानिलची चोखायची गोळी मंजूर झाली. ती अर्धशिशीसारख्या दुखण्यांवरही खपवली गेली, आणि २००८ साली सेफालॉन कंपनीने गुन्हा मान्य करून ४२ कोटी ५० लाख डॉलर भरले. २०१२ साली मंजूर झालेला ‘सबसिस’ हा जिभेखाली मारायचा फेंटानिलचा फवाराही अशाच पेशंटसाठी होता. तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लाच दिल्याच्या खटल्यात इन्सिस कंपनीचा संस्थापक जॉन कपूर दोषी ठरला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

मग लाट उलटली. २०१६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ओपिऑइडच्या वापरावर मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्करोगाचे उपचार चालू असलेले, पॅलिएटिव्ह केअरमधले आणि अखेरच्या टप्प्यातले पेशंट त्यांतून स्पष्टपणे वगळले होते. पण डॉक्टर, विमा कंपन्या आणि औषध दुकानं यांनी सरसकट हात आखडता घेतला. २०१३ ते २०१७ या काळात कर्करोगतज्ज्ञांनी ओपिऑइड लिहून देण्याचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलं. २००७ ते २०१७ या दशकात, कर्करोगाने दगावलेल्या वृद्धांना अखेरच्या दिवसांत मिळालेली ओपिऑइडची एकूण मात्रा ३८ टक्क्यांनी कमी झाली, आणि वेदना असह्य झाल्याने तातडीच्या विभागात यावं लागण्याचं प्रमाण जवळजवळ दीडपट झालं. २०१९ साली रोगनियंत्रण केंद्राला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनालाही सांगावं लागलं की औषध एकाएकी तोडू नका, त्यानेही माणसं दगावतात.

दोन्ही देशांचा अनुभव शेजारी ठेवला की एक गोष्ट लख्ख दिसते. भारताने गोळी कुलपात टाकली, अमेरिकेने ती मुठीमुठीने वाटली, आणि घाबरल्यावर अमेरिकाही कुलपाकडे धावली. दोघांनीही सगळा विचार गोळीचा केला. ती घेणाऱ्या माणसापाशी कुणी थांबलं नाही. गोळीबरोबर लक्ष ठेवणारं, विचारपूस करणारं माणूस नसेल तर गोळी देणंही घातक आणि न देणंही घातक, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे आणि माझंही तेच ठाम मत आहे.

आता शास्त्राकडे वळू. फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूपासून मॉर्फिन वेगळं काढलं. ते काम कसं करतं हे कळायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली. मेंदूत, मज्जारज्जूत आणि आतड्यांत ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात, मॉर्फिन त्यांना जाऊन चिकटतं. मज्जारज्जूतल्या रिसेप्टरवर वेदनेचा संदेश मंदावतो, आतड्यातल्या रिसेप्टरमुळे बद्धकोष्ठ होतो, श्वासाच्या केंद्रातल्या रिसेप्टरमुळे मात्रा जास्त झाली तर श्वास संथ होतो, आणि मेंदूच्या ज्या भागात ‘बरं वाटतं, पुन्हा हवं’ ही भावना तयार होते तिथेही हाच रिसेप्टर असतो. म्हणून वेदना थांबवणारं पण सवयीचा यत्किंचितही धोका नसलेलं ओपिऑइड अजून कुणाला बनवता आलेलं नाही.

यातून तीन वेगवेगळ्या अवस्था उद्भवतात, आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. पहिली म्हणजे औषध अंगवळणी पडणं. तीच मात्रा काही काळाने पुरत नाही, वाढवावी लागते. कर्करोगात मात्रा वाढण्याचं कारण बहुतेक वेळा आजार वाढणं हेच असतं, हेही इथे सांगायला हवं. दुसरी, शरीराचं अवलंबन. काही आठवडे नियमित मॉर्फिन घेतलेल्या कुणाचंही औषध एकदम थांबवलं तर घाम, जांभया, नाकातून पाणी, पोटात मुरडा, जुलाब, जिवाची घालमेल सुरू होते. स्टेरॉइड एकाएकी थांबवल्यावरही शरीर असंच कोलमडतं आणि त्याला आपण व्यसन म्हणत नाही. मात्रा हळूहळू उतरवली की हा त्रास टळतो. तिसरी अवस्था व्यसनाची. औषधावरचा ताबा सुटतो, वेदना नसतानाही ओढ लागते, ती भागवण्यासाठी खोटं बोललं जातं, नुकसान दिसत असूनही घेणं थांबत नाही. पहिल्या दोन अवस्था जवळपास प्रत्येकात येतात, तिसरी थोड्यांतच. पहिल्या दोहोंना व्यसन म्हणून पेशंटला हिणवणं हा अन्याय आहे, आणि तिसरीकडे डोळेझाक करणं हा निष्काळजीपणा.

ओळखणं याहून अवघड होतं ते एका चकव्यामुळे. १९८९ साली डेव्हिड वाइसमन आणि डेव्हिड हॅडॉक्स यांनी रक्ताचा कर्करोग असलेल्या १७ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो औषधासाठी आरडाओरडा करी, वेळेआधी मागे. रुग्णालयातल्या लोकांना तो व्यसनी वाटला. प्रत्यक्षात त्याची वेदना पुरेशी शमवलेलीच नव्हती. ही समज मोलाची होती. आमच्याकडेही ‘फार मागतो हो’ अशी तक्रार आलेले कित्येक पेशंट मात्रा योग्य केल्याबरोबर शांत झोपले आहेत. पण पुढे याच कल्पनेचा औषध कंपन्यांनी गैरफायदा घेतला. पेशंट व्यसनी वाटतोय? मग मात्रा आणखी वाढवा, असा तिचा अर्थ लावला गेला. खुद्द हॅडॉक्स नंतर पर्ड्यूमध्ये वरिष्ठ अधिकारी झाले. म्हणून नियम सोपा ठेवावा. पेशंट जास्त मागतोय असं दिसलं की आधी वेदना तपासायची, आजार वाढला का ते पाहायचं, आणि मात्रा सुधारल्यावरही वागणं बदललं नाही तर व्यसनाचा विचार करायचा. हा क्रम उलटा करू नये आणि अर्ध्यावर थांबवूही नये.

धोका किती? अमेरिकेतल्या मृत्युनोंदींच्या एका अभ्यासात २००६ ते २०१६ या काळात ओपिऑइडमुळे झालेले मृत्यू तपासले गेले. त्यांचं प्रमाण कर्करोग झालेल्यांमध्ये सर्वसामान्य लोकांच्या साधारण एकदशांश होतं. यातून दिलासा घ्यायला हरकत नाही. पण २०१७ साली आलेला दुसरा एक अभ्यास सावध करतो. कर्करोग बरा करण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्याआधी ओपिऑइड न घेतलेल्या पेशंटपैकी सुमारे दहा टक्के लोक, जखमा भरून आल्यानंतरही, तीन ते सहा महिन्यांनी ही औषधं घेतच होते. एक वर्षानेही त्यांच्यातल्या अनेकांच्या चिठ्ठ्या रोजच्या सहा गोळ्यांइतक्या होत्या. हे सगळे व्यसनी होते असं नाही. औषध सुरू करणारा सर्जन, केमो देणारा डॉक्टर आणि गावातला फॅमिली डॉक्टर यांच्यापैकी ते कुणी आणि कधी थांबवायचं, हे अनेकदा ठरलेलंच नसतं.

महाराष्ट्राच्या बाबतीत या धोक्याला एक खास बाजू आहे. आपल्या देशात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा, आणि त्याच्यामागे तंबाखू-चुना, मावा, गुटखा, बायकांमध्ये मिशरी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी या कर्करोगाची रांग संपलेली नाही. म्हणजे तोंडाचा कर्करोग झालेला पेशंट बहुधा आधीच एका व्यसनातून आलेला असतो, अनेकदा सोबत दारूही असते. आधीचं व्यसन, तरुण वय, उदासी किंवा चिंता, लहानपणी सोसलेला आघात ही ओपिऑइडच्या व्यसनाचा धोका वाढवणारी सर्वज्ञात कारणं आहेत. गालाची शस्त्रक्रिया, शेक, केमो सगळं पार पाडलेला एक तरुण ड्रायव्हर आमच्याकडे आला. आजार गेला होता, पण जबडा पुरता उघडत नव्हता, चेहरा बदलला होता, गाडीवरचं काम गेलं होतं. ट्रामाडॉल तीन-चार दुकानांतून आणत होता. त्याची बायको म्हणाली, “आता दुखत नाही म्हणतात, पण गोळी नसली की घरात बसवत नाही त्यांना.” गोळी त्याच्या जबड्यावर काम करत नव्हती, त्याच्या दिवसावर करत होती. त्याला रागावून किंवा गोळ्या फेकून देऊन काहीच साधलं नसतं. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवणं, जबड्याचे व्यायाम, उदासीवरचे उपचार आणि काम मिळवण्यासाठी समाजसेवकाची धडपड, हे सगळं मिळून त्याचा उपचार ठरला.

लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स सांगत असत की वेदनेत शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा असं सगळंच दुखत असतं. व्यसनाच्या प्रश्नातही हे तितकंच खरं आहे. रात्री दोनला गोळी मागणारा माणूस कधी हाडाच्या वेदनेसाठी मागतो, कधी झोपेसाठी, कधी मुलीच्या लग्नाच्या काळजीसाठी, तर कधी मरणाच्या धास्तीने. मॉर्फिन पहिल्यावर उत्तम चालतं. उरलेल्या तिन्हींवर ते थोडा वेळ चालतं, आणि तिथेच सवयीचं बी पडतं.

मग सुरक्षित वापर कसा करायचा, याची पुस्तकात सविस्तर प्रकरणं आहेत. मी त्यांतला गाभा सांगतो. ओपिऑइड सुरू करण्यापूर्वी तंबाखू, दारू, झोपेच्या गोळ्या, घरातली व्यसनं यांबद्दल पेशंटला आणि घरच्यांना मोकळेपणाने विचारावं. उत्तर काहीही आलं तरी औषध नाकारू नये, देखरेख वाढवावी. चिठ्ठी एकाच डॉक्टरची असावी. धोका जास्त असेल तर महिन्याऐवजी आठवड्याचंच औषध द्यावं. गोळ्या घरात एका माणसाच्या ताब्यात, कुलूपबंद असाव्यात. किती घेतल्या, केव्हा घेतल्या हे वहीत लिहावं. दीर्घकाळ काम करणारी गोळी कुटून देऊ नये. फेंटानिलच्या पट्टीवर शेक घेऊ नये, आणि काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर ओपिऑइड जिवावर बेतू शकतं. पेशंट गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या कपाटात राहू न देता रुग्णालयात परत द्याव्यात. दुःखात बुडालेल्या घरात त्या दुसऱ्याच कुणाच्या तोंडी जाण्याचा धोका खरा असतो. आणि पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाचं औषध सोबत द्यावं, कारण तो त्रास कधी अंगवळणी पडत नाही आणि अनेक पेशंट त्यालाच कंटाळून वेदना सोसत बसतात.

व्यसन लागलंच तर? तर तो दुसरा आजार झाला असं समजावं, गुन्हा झाला असं नव्हे. आजार पुढे गेलेल्या पेशंटमध्ये वेदना शमवणं चालूच ठेवायचं, फक्त औषधाची निवड, मात्रा आणि ते कुणी द्यायचं हे बदलायचं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं वेदनेवरही चालतात आणि ओपिऑइडच्या व्यसनावरही, हे अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि कुटुंब यांची जोड लागते. मदत कुठे मागायची हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.

अफूशी आपली ओळख जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या लेकराला पाळी संपेपर्यंत झोपवण्यासाठी अफूची बाळागोळी देत असत. ती माउलीची क्रूरता नव्हती, पाळणाघर नसल्याची लाचारी होती. आजही गोळीचा गैरवापर होतो तो बहुधा अशाच उणिवेच्या जागी. डॉक्टरांना वेळ नाही, समुपदेशक नाही, घरी येणारी नर्स नाही, म्हणून गोळीकडे तिच्या आवाक्याबाहेरचं काम सोपवलं जातं.

या पुस्तकाच्या लेखकांत वेदनेचे डॉक्टर आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, कर्करोगाच्या वॉर्डात आयुष्य घालवलेल्या परिचारिका आणि समाजसेवक आहेत. १९८६ पासून वेगळ्या राहिलेल्या वाटा त्यांनी एका पुस्तकात आणल्या. हेच आता जिल्हा रुग्णालयात घडायला हवं. जिथे मॉर्फिनचं कपाट आहे तिथे व्यसनोपचार जाणणारा माणूस असावा, आणि जिथे व्यसनमुक्ती केंद्र आहे तिथे कर्करोगाच्या पेशंटला ‘हा आमचा विषय नाही’ असं उत्तर मिळू नये. वैद्यकीय महाविद्यालयांनी दोन्ही विषय एकाच तासाला शिकवावेत.

डॉक्टरांनी हे पुस्तक वाचावंच. पण माझी खरी विनंती घरच्या माणसांना आहे. पेशंट दुखतंय म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवा आणि भीतीपोटी त्याची गोळी अडवू नका. गोळ्यांचा हिशेब ठेवा, त्यात त्याचा अपमान नाही. आणि सवय लागल्याची शंका आली तर लाजेखातर ती डॉक्टरांपासून लपवू नका. वेळेवर सांगितलेल्या व्यसनावर उपचार आहेत, आणि ते घेताना वेदनेचं औषध कुणीही तुमच्यापासून हिरावून घेता कामा नये.